विक्रांतचं वय किती?

मधल्या सुट्टीत मित्रमैत्रिणींना हे कोडं घालून बघा. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडालेल्या विमानांनी बंगालच्या उपसागरात शत्रूच्या बंदरांवर हल्ले चढवले. आणि २ सप्टेंबर २०२२ ला 'विक्रांत' ही कोरी करकरीत विमानवाहू नौका कोचीमध्ये नौदलात दाखल झाली. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत. मग विक्रांतचं वय किती?

कुणी म्हणेल, दुरुस्त करून रंग दिला असेल. नाही. विक्रांत दोन आहेत. एक होती, दुसरी आहे.

पहिलीचा जन्म ब्रिटनमधला आणि तिचं पाळण्यातलं नाव 'हर्क्युलिस'. १९४३ मध्ये तिचं बांधकाम सुरू झालं, १९४५ मध्ये सांगाडा पाण्यात उतरला, पण तोवर दुसरं महायुद्धच संपलं होतं. मग अर्धवट बांधलेली ही नौका कितीतरी वर्षं तशीच पडून राहिली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. नाव मिळालं विक्रांत. ३६ वर्षं तिने नोकरी केली. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. घरी विचारा, तुमच्या आई-बाबांपैकी कुणीतरी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर धावलेलं असेल. २०१४ मध्ये मात्र तिला मुंबईच्या दारूखाना भागात नेलं आणि तोडलं. तिचं पोलाद भंगारात गेलं. त्यातलं थोडं एका कंपनीने मोटारसायकली बनवायला वापरलं.

दुसरी विक्रांत बांधली कोचीच्या गोदीत, आपल्याच देशात. लांबी २६२ मीटर. म्हणजे अंबरनाथ स्टेशनात शिरणारी बारा डब्यांची अख्खी लोकल तिच्या डेकवर मावेल! आत २३०० लहानमोठ्या खोल्या. तिच्यासाठी लागणारं खास पोलाद आधी बाहेरून आणावं लागायचं. ते आपल्या शास्त्रज्ञांनी इथे तयार केलं आणि भारतीय पोलाद कारखान्यांनी सुमारे ३०,००० टन पुरवलं. ही नौका पूर्णपणे नव्याने बांधलेली आहे. तरीही तिच्या अंगावर नंबर तोच आहे, आर ११. घोषवाक्यही तेच, ऋग्वेदातलं. आणि नाव तर तेच.

मी उल्हासनगर कॅम्प ५ मधला. आमच्याकडे समुद्र नाही. वालधुनी नदी आहे, आणि तिची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी इथे बराकी बांधल्या, म्हणून हे 'कॅम्प'. युद्ध संपलं, फाळणीनंतर सिंधी कुटुंबं या बराकींमध्ये राहायला आली, पुढे बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, जीन्सचे कारखाने आले. सैनिक गेले तरी कॅम्प हे नाव जागेवरच राहिलं. युद्धनौकांची नावं मात्र अशी एका जागी राहत नाहीत, ती एका नौकेवरून दुसरीवर जातात. आणि समुद्र नसलेल्या आपल्या या भागाचा त्या नौकांशी जवळचा संबंध आहे. तो पुढे सांगतो, आधी नावांकडे बघू.

नौदलात नावं मनाला येईल तशी देत नाहीत. पाणबुड्यांना मुख्यतः मासे आणि समुद्री प्राण्यांची नावं. फ्रिगेट नावाच्या नौकांना डोंगर, नद्या किंवा शस्त्रं. डिस्ट्रॉयर म्हणजे विनाशिकांना बऱ्याचदा शहरांची नावं. आणि एक नियम कधी मोडत नाही: एका वेळी एका नावाची एकच नौका. जुनी निवृत्त झाली, तिच्यावरचा ध्वज सूर्यास्ताला शेवटचा उतरला, की नाव मोकळं होतं. मग ते दहा वर्षांनी, वीस वर्षांनी नव्या नौकेला मिळू शकतं.

मुंबईच्या माझगाव गोदीत १९७२ ते १९८१ या काळात सहा फ्रिगेट तयार झाल्या: नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी. सगळी डोंगरांची नावं. त्या सहाही निवृत्त झाल्या. आता मुंबईत आणि कोलकात्यात नव्या सात फ्रिगेटचा ताफा बांधायला घेतला, तेव्हा त्यातल्या सहाजणींना हीच सहा नावं मिळाली. सातवीला नवं नाव, महेंद्रगिरी. नवी नीलगिरी १५ जानेवारी २०२५ ला मुंबईत नौदलात आली. आमच्या लहानपणच्या वर्गाच्या हजेरीपटासारखी ही यादी पुन्हा वाचताना मला फार छान वाटतं!

पण नुसतं नाव परत दिल्याने काय होतं? याचं उत्तर मला 'करंज'च्या गोष्टीत सापडलं.

करंज ही पाणबुडी. पहिली करंज १९६९ मध्ये सोव्हिएत रशियाकडून आपल्याकडे आली. ती दाखल झाली तेव्हा तिच्यावर जे नौसैनिक होते त्यांत विजयसिंह शेखावत नावाचे एक तरुण अधिकारी होते. १९७१ च्या युद्धात तेच करंजचे कप्तान होते आणि त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे ते नौदलप्रमुख झाले, निवृत्त झाले. त्यांची करंजही २००३ मध्ये निवृत्त झाली. मग १० मार्च २०२१ ला मुंबईत नवी करंज नौदलात दाखल होणार होती. प्रमुख पाहुणे कोण असावेत? अॅडमिरल शेखावत! पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ज्या माणसाने पहिल्या करंजवर ध्वज चढताना पाहिला, तोच माणूस दुसऱ्या करंजच्या स्वागताला हजर. नव्या पाणबुडीवरच्या विशीतल्या नौसैनिकांना त्या दिवशी कुणी इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवायची गरजच पडली नसेल.

पाणबुड्यांची ही सगळी मालिकाच अशी आहे. जुन्या पाणबुड्या आठ होत्या: कलवरी, खांदेरी, करंज, कुरसुरा, वेला, वागीर, वागली, वागशीर. माझगाव गोदीने २०१७ ते २०२५ या काळात नव्या सहा पाणबुड्या नौदलाला दिल्या: कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर. दोन नावं गळाली ती तुमच्या लक्षात आली का? ती ध्यानात ठेवा.

पहिली कलवरी ही भारताची पहिलीवहिली पाणबुडी. ८ डिसेंबर १९६७ ला लॅटव्हियातल्या रीगा बंदरात ती आपल्या नौदलात आली, म्हणून अजूनही दरवर्षी ८ डिसेंबरला आपलं नौदल पाणबुडी दिन साजरा करतं. ती ९१ मीटर लांब होती आणि तिच्यावर ७५ च्या आसपास माणसं लागायची. नवी कलवरी साडेसदुसष्ट मीटरची, माणसं चाळीसेक. नाव तेच, पण बांधा आटोपशीर आणि कामं यंत्रांवर सोपवलेली.

आता 'खांदेरी'. हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाचे कान टवकारायलाच हवेत. अलिबागजवळ थळ गावासमोर समुद्रात खांदेरी नावाचं बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला माणसं पाठवली. मायनाक भंडारी हे त्यांचे म्होरके. मुंबईच्या इंग्रजांना हे अजिबात पसंत नव्हतं, कारण खांदेरीवरून मुंबई बंदरात येणारंजाणारं प्रत्येक जहाज दिसतं. इंग्रजांनी आपली मोठी जहाजं बेटाभोवती आणून उभी केली. त्यांतल्या एकाचं नाव होतं 'रिव्हेंज'. बेटावरच्या माणसांना अन्न नाही, दगड-चुना नाही, दारूगोळा नाही, असं करायचा त्यांचा बेत होता.

मग मराठ्यांनी काय केलं? लहान होड्या काढल्या. उथळ पाण्यातून जाणाऱ्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या. रात्र झाली, वारा पडला, की या होड्या थळच्या किनाऱ्यावरून निघायच्या आणि सामान घेऊन बेटाला लागायच्या. मोठ्या जहाजांना शिडात वारा लागतो आणि बुडाखाली खोल पाणी लागतं, त्यामुळे अंधारात निसटणाऱ्या या होड्यांचा पाठलाग त्यांना जमेना. ऑक्टोबरमध्ये मोठी लढाई झाली, दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. पण किल्ल्याचं काम थांबलं नाही आणि शेवटी इंग्रजांनी माघार घेतली. हाच खांदेरी किल्ला २०२५ मध्ये महाराजांच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

अंधारात, चोरपावलांनी, शत्रूच्या नाकाखालून जायचं, हेच तर पाणबुडीचं काम! म्हणून मला वाटतं, खांदेरीइतकं चपखल नाव दुसऱ्या कुठल्याही पाणबुडीला मिळालेलं नाही. पहिली खांदेरी १९६८ मधली, दुसरी २०१९ मधली.

किल्ल्याच्या नावाची आणखी एक नौका सांगतो. विरारजवळचा अर्नाळा किल्ला तुमच्यातल्या काहींनी पाहिला असेल. पहिली 'अर्नाळा' १९७२ मध्ये नौदलात आली, दुसरी १८ जून २०२५ ला. पाणबुड्या शोधून त्यांचा माग काढणं हे नव्या अर्नाळाचं काम आहे.

'खुकरी'ची गोष्ट दुःखाची आहे, पण ती तुम्हाला माहीत असायला हवी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही फ्रिगेट बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवरक्षक जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि ते नौकेवरच थांबले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. बुडालेल्या नौकेचं नाव पुन्हा ठेवावं की नाही? काही घरांत असं नाव ठेवायला लोक कचरतात. नौदलाने उलटं केलं. माझगाव गोदीत बांधलेली नवी खुकरी २३ ऑगस्ट १९८९ ला दाखल झाली. तिने ३२ वर्षं समुद्र राखला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती निवृत्त झाली. तिला भंगारात न काढता दीवला दिलं, संग्रहालयासाठी. म्हणजे एक खुकरी दीवच्या समुद्रतळाशी आहे आणि तिच्या नावाची दुसरी दीवच्या किनाऱ्याला. पाकिस्ताननेही हंगोर हे नाव सोडलेलं नाही. त्यांच्यासाठी चीनमध्ये बांधलेली नवी हंगोर २०२४ मध्ये पाण्यात उतरली. जुन्या नौकांच्या आठवणी सीमेच्या दोन्ही बाजूंना जपतात.

जगात सगळीकडेच हे चालतं. अमेरिकेच्या नौदलात 'एंटरप्राइझ' नावाच्या आठ नौका होऊन गेल्या, आता नववी बांधताहेत. ब्रिटनच्या 'आर्क रॉयल' पाच, त्यातली पहिली १५८७ मधली. आणि आपली पहिली 'दिल्ली' तर सिनेमातसुद्धा चमकली! ती त्याआधी न्यूझीलंडच्या नौदलातली 'अकिलीस'. १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ जर्मन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत ती लढली होती. १९४८ मध्ये ती भारताकडे आली. पुढे त्या लढाईवर इंग्रजी सिनेमा निघाला, तेव्हा अकिलीसचं काम कुणी केलं? तिनेच, म्हणजे आपल्या दिल्लीने. नाव बदललेली नौका आपल्याच जुन्या नावाची भूमिका करत होती. तिच्यानंतरची, माझगाव गोदीत बांधलेली दुसरी दिल्ली १९९७ मध्ये नौदलात आली.

पण मुळात नौका निवृत्त का होतात? लढाईत बुडणाऱ्या थोड्या, म्हाताऱ्या होणाऱ्या जास्त. आणि नौकेला म्हातारं करणारा मोठा शत्रू म्हणजे गंज. घरी करून बघा. दोन पेले घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चार चमचे मीठ विरघळवलेलं पाणी. दोन्हींत एकेक नवा लोखंडी खिळा टाका, पण चकचकीत मुलामा नसलेला. रोज बघा. मिठाच्या पाण्यातला खिळा बहुधा आधी तांबूस होईल. लोखंड आणि हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या साथीने एकत्र आले की गंज तयार होतो. त्या वेळी लोखंडातून विजेचे सूक्ष्म कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, सुटून जातात. मीठ विरघळलं की पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे हा सगळा कारभार झपाट्याने चालतो. समुद्र म्हणजे मिठाचं पाणीच, आणि नौका त्यात तीस-चाळीस वर्षं उभी.

यावर एक झकास युक्ती आहे. नौकेच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त हा लोखंडापेक्षा उतावळा धातू. इलेक्ट्रॉन सोडायला तोच आधी पुढे येतो. मग ठोकळा झिजत जातो आणि पोलाद वाचतं. ठोकळा संपत आला की काढून नवा लावायचा. तुमचा दुसरा प्रयोग यातूनच: मिठाच्या पाण्यातल्या खिळ्याला जस्ताची पट्टी घट्ट बांधून ठेवा. जुना, संपलेला साधा पेन्सिल सेल बाहेरून जस्ताचा असतो, पण तो फोडायचा तर मोठ्या माणसाच्या हातून, हातमोजे घालून.

गंज, रंग, पाण्याखाली नौकेला चिकटणारे शिंपल्यांसारखे चिवट जीव, समुद्राला पुरून उरेल असं रबर, या सगळ्यांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे. कुठे? अंबरनाथ पूर्वेला! नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा. कॅम्प ५ मधून रिक्षाने जाता येईल इतकी जवळ, फक्त आत कुणाला सोडत नाहीत. १९५३ मध्ये ती मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव नौदल रसायन आणि धातुशास्त्र प्रयोगशाळा असं होतं. गंमत बघा, नौका बदलल्या आणि नावं राहिली. या प्रयोगशाळेचं नाव बदललं आणि काम चालू राहिलं.

इथल्या शास्त्रज्ञांनी हाती घेतलेलं एक काम कलवरी मालिकेतल्या पाणबुड्यांसाठी आहे. त्यासाठी आधी पाणबुडीची अडचण समजून घ्या. तिच्यात डिझेल इंजिन असतं. डिझेल जळायला हवा लागते आणि पाण्याखाली हवा कुठून आणणार? म्हणून पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पाणबुडीला वर यावं लागतं, एक नळी पाण्याबाहेर काढून हवा घ्यावी लागते, इंजिन चालवून बॅटरी भरावी लागते. नेमकी तेव्हाच ती सापडते. इंजिनचा आवाज, वर आलेली नळी, रडार. लपण्यात जिची ताकद, तिलाच मधूनमधून डोकं वर काढावं लागतं.

अंबरनाथच्या प्रयोगशाळेचा उपाय म्हणजे इंधन विद्युतघट. शाळेत तुम्ही पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा प्रयोग केला असेल किंवा करणार असाल. हा घट त्याच्या उलट चालतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणायचे, वीज मिळते आणि उरतं ते पाणी! धूर नाही, धडधड नाही. ऑक्सिजन पाणबुडीत द्रवरूपात साठवून न्यायचा. हायड्रोजन मात्र टाकीत भरून नेणं धोक्याचं, तो पटकन पेट घेतो. म्हणून या शास्त्रज्ञांनी तो पाणबुडीतच, लागेल तेव्हा लागेल तेवढा, एका रसायनापासून तयार करायची पद्धत बसवली. ज्या ऑक्सिजनने नौका गंजते, तोच इथे कामाला जुंपलाय. ८ मार्च २०२१ ला ही यंत्रणा जमिनीवर चालवून तिची महत्त्वाची चाचणी पार पडली.

आता ही यंत्रणा पाणबुडीत घालायची कशी? आत तर बोट शिरायला जागा नाही. तर चक्क पाणबुडी कापायची! दोन भाग अलग करायचे, मध्ये ही यंत्रणा असलेला नवा तुकडा बसवायचा आणि तिन्ही भाग पुन्हा जोडायचे, पाण्याचा प्रचंड दाब सोसेल इतके पक्के. हा तुकडा बांधून बसवण्याचं काम डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीला दिलं गेलं. जिला हा तुकडा बसेल ती पाणबुडी आधीपेक्षा लांब होईल, पाण्याखाली कितीतरी जास्त दिवस राहील. नाव अर्थातच तेच.

आणि ती गळालेली दोन नावं? कुरसुरा आणि वागली. वागली २०१० मध्ये निवृत्त झाली. कुरसुरा २००२ पासून विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभी आहे आणि तिकीट काढून तिच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येतं. विशाखापट्टणमला गेलात तर नक्की आत जा, वाकून जावं लागेल. आतल्या अरुंद बंकांवर झोपणारी माणसं आठवडेच्या आठवडे सूर्य न बघता राहायची. ही दोन्ही नावं सध्या मोकळी आहेत.